नानांचं शून्य आणि टेकडीची बस

वखारीत नानांना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. मान तिरकी, एक डोळा बंद, ओंडक्यावर टकटक, की निकाल तयार: “नऊ फळ्या. मधे पोखरलाय लेकाचा.” वखार बंद पडली, तरी सवय गेली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी आधी दाराचं लाकूड वाजवून बघायचे, मग आत.

लेक मात्र उभ्या झाडांची किंमत काढायच्या नोकरीला लागली. सावलीची, स्वच्छ हवेची, मुरणाऱ्या पाण्याची. टेकडीवरचं जंगल तोडायचं घाटत होतं. लाकडाला बोली आलीच होती. राखण्याचा फायदा त्याहून मोठा दिसला नाही, तर जंगल गेलंच. तिचे साहेब नाकातून म्हणत, “भावना नकोत हं बाई, आकडे आणा.”

घरोघर विचारून झाल्यावर ती स्वयंपाकघरात नानांसमोर बसली.

“नाना, टेकडी राखायला वर्षाला किती द्याल?”

“शून्य.”

“अहो, नीट सांगा ना!”

“नीटच सांगतोय. जन्मभर आडव्या लाकडाचा भाव केला. उभ्याचा करायचा म्हणजे ते विकायलाच काढलं की!”

लेकीने कपाळावर हात मारला. “असं रागाचं शून्य आम्हाला हिशेबातून वगळावं लागतं.”

“म्हणजे मी मोजण्यातच नाही?” नानांचं तोंड एवढंसं झालं. गुपचूप चपला घालू लागले.

“रागावून कुठे निघालात?”

“रविवार आहे. टेकडीची बस चुकेल.”

ती एकदम उठली. “थांबा! तिकीट किती? चढायला वेळ किती? जंगलात जायला माणूस जे खर्च करतो, ते आम्ही जंगलाची किंमत म्हणून धरतो.”

नानांनी सांगितलं. मग दाराशीच रेंगाळले.

“पूर्वी दोन तिकिटं लागायची. डबा तुझी आई घ्यायची. झऱ्यापाशी पोचलो, की सुरू,” नानांनी बारीक, ठसक्यातला आवाज काढला, “‘हे बघा, इथे एकही झाड वाजवायचं नाही!’” लेक हसली. आवाज हुबेहूब होता. “अजून एकही वाजवलेलं नाही. तिचं तिकीट धरता येईल का गं?”

“नाही हो नाना. यंदाच्याच फेऱ्या चालतात.”

“बरं.”

लेकीने ओट्यावरचा डबा उचलला.

“चला, आज दोन काढा. डबा मी घेते.”