पूर्ण बाह्यांची मंजुषा

मंजुषाच्या पूर्ण बाह्या कुमुदच्या डोळ्यांसमोरून हलेनात. अमेरिकेतली लेक, नवरा-मुलासह, डिसेंबरच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या समुद्रकाठच्या छोट्या गावी गेली होती. तिनं पाठवलेल्या फोटोत सगळा किनारा उघड्या अंगानं ऊन खात होता. मंजुषा तेवढी मनगटापर्यंत झाकलेली.

हीच पोर लग्नाआधी इथं पुंडलिकनगरात असताना आईशी भांडून कुर्त्यांच्या बाह्या उसवून टाकायची.

“वहिनी, लई सुधारली की तुमची पोरगी!” शेजारी बसून फोटो बघणारी नणंद हसली.

कुमुदला हसू येईना. गेल्या दिवाळीत इथं आलेल्या जावयानं वरण खारट झालं म्हणून ताट भिंतीवर फेकलं होतं.

एवढ्यात मंजुषानं नवा फोटो पाठवला. जावई मुलाला घेऊन पाण्यात उतरला होता. म्हणजे आत्ता ती एकटीच असणार. कुमुदनं ठरवलं, नणंदेसमोरच लेकीला फोन लावायचा आणि सरळ विचारायचं, त्या बाह्यांखाली काय झाकतेस?