ठिपक्याखालचा अंगठा

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जबलपूरच्या प्रयोगशाळेतून हैदराबादच्या परिषदेला निघालो आणि मधेच पांढुर्ण्याला घरी उतरलो. पेटीत तीन वर्षांच्या मेहनतीचा एक कागद होता. मी बनवलेल्या पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचा, त्यावर एकच जांभळा ठिपका. एकच ठिपका म्हणजे माल शुद्ध. हैदराबादेत एक मोठे प्राध्यापक हाताखाली माणूस शोधत होते. त्यांना कागद पटला तर माझी नोकरी पक्की होती.

बाबांची संत्र्याची बाग. फळ भरलं का, हे ते अंगठ्याने दाबून पाहायचे. मी आंघोळ करून आलो, तर ते माझा कागदही तसाच दाबून पाहत होते!

"बाबा, हात नका लावू त्याला!" मी खेकसलोच.

"आपल्याला काय समजते त्यातलं," ते ओशाळून म्हणाले. "पण माल भरला हाय, लेका."

त्या कागदावरचं रसायन घामालाही जांभळा रंग देतं, म्हणून आम्ही तो चिमट्याने धरायचो. पण रंग उठायला दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा काही दिसलं नाही, मी निर्धास्त निघालो. शहाणाच मी!

परिषदेत माझ्या कामाचा तक्ता भिंतीवर लावायला कागद काढला, तर ठिपक्याखाली अख्खा अंगठा, रेघ न् रेघ जांभळी. अरे बाप्पा! दुसरा कागद नव्हता. तोच टाचला. जागा मिळाली जिन्याखाली. बाकीचे घोळक्याने चहा पिऊन राहिले होते, माझ्याकडे कुणी फिरकेना. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सोबतीला फक्त तो अंगठा, आणि माझा सगळा राग त्याच्यावरच.

दुपारी प्राध्यापक आले. चष्मा सरकवून वाकले.

"हा अंगठा कुणाचा?"

"लॅबमधल्या शिपायाचा, सर."

फटकन बोलून गेलो. ते हसले. "काम मात्र चोख आहे," म्हणाले, आणि माझा पत्ता लिहून घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. गर्दी पांगली तरी मी जिन्याखालीच उभा राहिलो.

परतताना पांढुर्णा स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते.

"पाह्यला का कोणी कागद?"

"हाव. पसंत पडला. नोकरी मिळते बहुतेक."

"म्हटलं नव्हतं तुले, माल भरला हाय!" फलाटावर ते पोरासारखे हसले. "दाखव ना एकदा परत. आता हात नाही लावत."

मी पेटी उघडली नाही.