तार सगळ्यांची, पट्टी माझी

इंटरनेटचा वेग सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे, ही आमच्या पक्षाची भूमिका मी लिहिली. आणि तीच वर्तमानपत्राला पाठवताना शेजारी बसलेल्या बाईचं इंटरनेट मी स्वतःच्या हाताने अडवलं. झालं ते एवढंच. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळ नाही, पक्षात तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही महाडचे नसाल, म्हणून असेल.

महाडला एसटी स्टँडच्या मागे माझं सायबर कॅफे होतं. ब्रॉडबँड यायच्या आधीची वर्षं. नावात कॅफे, पण चहा प्यायचा तर समोरच्या टपरीवर जावं लागे. आत चार कॉम्प्युटर, त्यातला एक माझा, आणि चौघांत मिळून एक तार. एका बादलीत चौघांनी आंघोळ करावी तसा कारभार. मुंबईच्या एका मित्राने मला एक सॉफ्टवेअर आणून दिलं. त्यात माझ्या पडद्यावर चार हिरव्या पट्ट्या दिसायच्या, एकेका कॉम्प्युटरची एकेक. पट्टी डावीकडे ओढली की त्या कॉम्प्युटरचं नेट आटायचं आणि उरलेलं माझ्याकडे यायचं.

पहिल्यांदा ओढली ती निव्वळ बघायला. दोन नंबरवर कॉलेजातले एक प्राध्यापक क्रिकेटचा स्कोअर बघत होते. पट्टी ओढली — प्राध्यापकांनी माऊस टेबलावर आपटला. पट्टी सोडली — प्राध्यापक पुन्हा प्राध्यापक झाले. परत ओढली. तुम्ही कधी मुंगळ्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवून बघितली आहे? तसं. पैशासाठी केलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. माझं आपलं — बघू या काय होतं! आणि बघता बघता ती सवय होऊन बसली. मला घाई असली की बाकीच्यांच्या पट्ट्या डावीकडे. चहाला उठताना मात्र सगळ्या सारख्या करून जायचो. एवढीच काय ती माझी नीतिमत्ता.

शुक्रवारी दुपारी दासगावहून रुखसानाभाभी यायच्या. त्यांचा नवरा इक्बाल शाळेत माझ्या वर्गातला, माझ्या मागच्या बाकावरचा. तो कुवेतला ड्रायव्हर. शुक्रवारी त्याला सुट्टी. नमाज आटोपली की तो तिकडच्या एखाद्या कॅफेत बसायचा आणि इकडे भाभी माझ्या तीन नंबरवर, कानाला हेडफोन, मांडीवर सना. सना इक्बाल कुवेतला गेल्यानंतर झालेली. बापाने मुलीला पाहिलं ते माझ्या दुकानातल्या कॅमेऱ्यातून, मुलीने बापाला पाहिलं ते माझ्या पडद्यावर. बाहेरगावी फोन लावणं तेव्हा काय महाग होतं, आठवतंय ना? बूथवर दोन वाक्यं बोलली की तिसरं पोटात ठेवावं लागे. गल्फच्या घरांचा सगळा जीव माझ्या त्या तारेत.

आणि नेमकी शुक्रवारीच मला कामं असायची! पक्षाची पत्रकं, पुढाऱ्यांचे हार घातलेले फोटो — सगळं मुंबईला पाठवायचं माझ्याकडे, कारण पक्षात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा. मी पट्टी ओढायचो आणि तीन नंबरवर इक्बाल तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजायचा. भाभी विचारायच्या, "सुधीरभाऊ, ह्ये काय झालं?" मी मान न वळवता सांगायचो, "त्याच्या बाजूची लाईन खराब आहे, भाभी. त्याला म्हणावं, दुसऱ्या कॅफेत बसून बघ."

किती सहज! खोटं बोलायला माणसाला थोडा तरी वेळ लागायला हवा, नाही का? मला लागायचा नाही.

आता पक्षाच्या भूमिकेकडे येतो — येतोय, जरा दमाने घ्या. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांतले आमचे पुढारी म्हणजे अण्णा, राहणार पोलादपूर. निवडणूक जवळ आलेली. टेलिफोन बूथवाले त्यांच्याकडे मागणी घेऊन आले: कॅफेतून परदेशी बोलतात ते बंद करा, तार पत्र पाठवायला आहे, बोलायला नाही. अण्णांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बूथवाले आपला मांडव घालतात. पन गल्फवाल्यांच्या घरात मतं हायत. आपली भूमिका काय रं?"

मी म्हटलं, "अण्णा, भूमिका तुम्ही ठरवायची."

"ठरवतो ना. तू लिही, मग ठरवतो."

मग मी लिहिली. आणि काय लिहिली! तारेतून काय जातंय ते तारवाल्याने बघू नये. पत्र असो, बोलणं असो, गरिबाचं असो, पुढाऱ्याचं असो, वाट सगळ्यांना सारखी. आपल्या लोकांना पटेल असा दाखला हवा म्हणून कशेडी घाट घेतला. पावसात दरड येते, एकच बाजू चालू असते. तिथे उभ्या पोलिसाने लाल दिव्याची गाडी पुढे काढली की मागे दुधाचा टेम्पो नासतो आणि बाळंतपणाला निघालेली बाई गाडीतच अडते. तारेच्या तोंडाशी असा पोलीस आम्ही उभा राहू देणार नाही — हे शेवटचं वाक्य. लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. अंगावर काटा आला. अण्णांनी वाचलं, मिशीवरून हात फिरवला. "दरडीचं झ्याक जमलंय. पन तो पोलीस कुठल्या पक्षाचा?"

रविवारी पोलादपूरला मेळावा. त्या आधी भूमिका छापून यायला हवी, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत मुंबईला पोचायला हवी. सोबत अण्णांचा फोटो, आणि तो चांगला मोठा, कारण लहान फोटोत अण्णांना स्वतःचा मान कमी दिसे.

त्या शुक्रवारी भाभी हसतच दुकानात आल्या. सना चालायला लागली होती. अजून इक्बालला सांगितलेलं नव्हतं. आज त्याला चालूनच दाखवायचं. भाभींनी पोरीला नवा फ्रॉक घातला होता. कॅमेरा वाकडा करून जमिनीकडे वळवला. खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिला उभी केली आणि स्वतः दोन हात मागे सरून बसल्या.

माझ्या पडद्यावर अण्णा वर चढत होते. कपाळ गेलं होतं, मिशीशी अडले होते.

मी तीन नंबरची पट्टी ओढली. पार डाव्या टोकाला.

सना चालली. एक हात टेबलाला लावून, मग तो सोडून. आईच्या मांडीत पडली आणि स्वतःच्या पराक्रमावर खूश होऊन ओरडली. भाभींनी वळून पडद्याकडे बघितलं. इक्बाल थिजलेला. बऱ्याच वेळाने हेडफोनमधून त्याचा तुटका आवाज मलाही ऐकू आला — "चालली का? ... उभी कर ना तिला ... चालली का गो?"

तेव्हा पट्टी सोडता आली असती. बोट माऊसवरच होतं. अण्णांची हनुवटी तेवढी राहिली होती. हनुवटी हो! भाभींनी सनाला परत उभी केली, पण तिचा आता मूड गेला होता, ती रडायला लागली. मी म्हटलं, "त्याच्या बाजूची लाईन, भाभी. आज तर फारच खराब आहे."

मग अण्णा पोचले. मी सगळ्या पट्ट्या सारख्या केल्या आणि चहाला गेलो.

मेळाव्यात अण्णांनी माझा कागद वाचला. कशेडीशी आले तेव्हा मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. त्यांनी तो पोलीस पाहिलेला होता. अण्णांनी मला उभं केलं. मी उभा राहिलो. हात जोडले. अजून एक गोष्ट मला कळत नाही, आणि खरं सांगतो, लाजेपेक्षा तिचं मला नवल जास्त वाटतं — त्या कागदात मी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. प्रत्येक वाक्य मला मनापासून पटलेलं होतं, आजही पटतं. मग माऊसवर होता तो हात कुणाचा? घाटातल्या त्या पोलिसालाही घरी गेल्यावर असंच वाटत असेल का, की रस्ता सगळ्यांचा?

इक्बाल सुट्टीवर आला तेव्हा सना बोलायला लागली होती. त्याने मला दासगावला जेवायला बोलावलं. मी गेलो. नाही कसं म्हणणार? ओसरीवर ताटं मांडली, तांदळाच्या भाकऱ्या, माशाचं कालवण. सना दाराच्या आड उभी राहून बापाकडे टक लावून बघत होती. जवळ येत नव्हती. इक्बालने घास घेतला, पाणी प्यायला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, आणि ती आईला म्हणाली, "अम्मी, ह्यो हलतो."

सगळे हसले. इक्बालही हसला. मग त्याने ताटात बघितलं आणि भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही.

"सुध्या, तू सांगितलंस म्हणून पयलं कॅफे सोडलं," तो म्हणाला. "मग दुसरं सोडलं. शेवटाला शहराच्या पार टोकाला चालत जायचो, त्या उन्हात. तितंपन तेच. नशीब बघ, जाईन तितली लाईन खराब."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंडात घास होता हे खरं, पण घास गिळता येतो. मी गिळला, आणि म्हणालो, "हो ना."

इक्बाल पानाचा डबा आणायला आत गेला. भाभी माझ्या ताटात कालवण वाढायला वाकल्या. आवाज चढवला नाही, वाढलंही पोटभर. नंतर मी ब्रॉडबँडची मोठी तार घेतली, पट्ट्या गेल्या, कॅफेही बंद झालं, पण मी ज्या मेळाव्याला गेलो तिथे ते वाक्य माझ्याबरोबर आलं. त्या एवढंच म्हणाल्या —

"भाऊ, तुमी खुर्चीवरनं उठलात की यांचं तोंड हलायचं. मी दर शुक्रवारी बघत बसायची, ह्यो मानूस चहाला कदी मरतोय."