आठ किलो आठशे ग्रॅम

माझा वजनकाटा बरोबर होता.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

आज जिजूंना जाऊन वर्ष झालं. जिजू म्हणजे निनाद, माझ्या ताईचा नवरा. जर्मनीत ब्राउनश्वाइगमध्ये मी शिकायला आले आणि नोकरीला इथेच राहिले, त्यांच्या घरापासून ट्रामने तीन स्टॉपवर. गाड्यांचे भाग हलके करणं हे माझं काम.

जिजू सॉफ्टवेअरमधले. त्यांच्याकडे एक जुनी, सहा सिलिंडरची सेडान होती आणि ती हलकी करायचं वेड होतं.

"आठवडाभर लोकांच्या गाड्या बारीक करतेस. शनिवारी घरची कर."

मग शनिवारी आम्ही मीटवेर्कश्टाटमध्ये, म्हणजे भाड्याच्या गॅरेजमध्ये, तासावर जागा घ्यायला लागलो. गाडी उचलायची लिफ्ट तिथली, पाने तिथले, हात आपले.

मागची सीट काढली, त्या दिवशी ताईचा फोन स्पीकरवर होता.

"अरे, आई आली की तिला कुठे बसवणार?"

"आईंना पुढे बसवू. तू ट्रामने ये."

"आणि तू?"

"मी गाडीचा मालक आहे गं. मला कोण उतरवणार?"

मोजायची पद्धत माझी होती. चार चाकांखाली वजनकाट्याचे चार पॅड. टाकी काठोकाठ भरलेली, टायरमधली हवा ठरलेली, ड्रायव्हरच्या सीटवर जिजू. गाडी माणसासकट मोजायची, कारण ती माणसासकट धावते.

"वजन?" मी दर वेळी विचारायची.

"ब्याऐंशी," ते दर वेळी सांगायचे.

प्रत्येक बोल्ट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता. हा एकच आकडा मी ऐकून लिहिला.

मार्चमध्ये पहिलं माप घेतलं. १५९८ किलो.

मे महिन्यात दुसरं. सीट निघाली होती आणि जड बॅटरीच्या जागी हलकी लिथियमची आली होती. दोन्ही मिळून ३४.३ किलो कमी व्हायला हवे होते. काट्यावर ३८.५ कमी झाले.

४.२ किलो कुठे गेले, ते मला सापडेना.

"छान आहे की," जिजू म्हणाले. "फुकटात मिळाले."

"फुकटात काही मिळत नाही. पॅड चुकतंय."

फरक बहुतेक डाव्या बाजूला होता, पुढच्या चाकाखाली जास्त. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी ते पॅड कॅलिब्रेशनला पाठवलं. पंधरा दिवसांनी परत आलं, सोबत कागद. दोष नाही.

मला वाटलं, तपासणाऱ्याने नीट पाहिलं नसेल.

डावं आणि उजवं पॅड अदलाबदल करून पाहायला पाच मिनिटं लागतात. पॅड खराब असेल तर चूक त्याच्याबरोबर उजवीकडे जाते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे येतं. मी केलं नाही, कारण मला खात्री होती.

जुलैमध्ये हलकी चाकं आणि नवा एक्झॉस्ट बसवला. तिसरं माप घेतलं. आता फरक ८.८ किलो.

त्या दिवशी ताईने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. जिजूंनी दोन घास खाल्ले आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"तू संपव. हल्ली लगेच पोट भरतं माझं."

मी संपवली. एका हाताने खाता खाता दुसऱ्या हाताने एक्सेलमध्ये नवा कॉलम टाकला. नाव दिलं, 'काट्याची चूक'. त्यात ८.८ मिळवले. बेरीज जुळली.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी नाश्त्याला ताईला त्यांचे डोळे पिवळे दिसले.

हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांना वजनावर उभं केलं. दार उघडं होतं. तिने आकडा मोठ्याने सांगितला. एकाहत्तर.

ब्याऐंशी वजा एकाहत्तर मी कॉरिडॉरमध्येच केलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरलेला होता.

पुढे एकदा मी डॉक्टरांना एकटीने गाठलं. मे महिन्यात कळलं असतं तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता.

'फार' म्हणजे किती, असं मी विचारलं.

त्यांनी फाइल मिटली. आकडा दिला नाही.

जिजू शेवटपर्यंत गाडीचं विचारत होते. "पॅड बदललंस का गं?" मी हो म्हणाले. त्यांच्याशी बोललेलं हे माझं एकमेव खोटं.

गेल्या शनिवारी ताईचा फोन आला. "गाडी विकायची नाही. पण मागची सीट लावून दे. आई येतेय."

तळघरातून सीट वर आणली. ताई मदतीला आली होती. सीटचे बोल्ट हातात घेऊन मी तिला सगळं सांगितलं. मे, जुलै, तो कॉलम.

तिने माझ्या हातातला एक बोल्ट घेतला.

मग म्हणाली, "जूनमध्ये त्याच्या बेल्टला नवीन भोक मी पाडून दिलं. खिळा घेऊन. म्हटलं, जिम लागू पडली बाबा."

मी पाना दिला, तिने बोल्ट आवळला.

निघण्याआधी मी पॅड मांडले. तेच चार. टाकी भरलेली, हवा ठरलेली. ड्रायव्हरची सीट रिकामी.

ब्याऐंशी वजा करून कागदावर यायला हवे होते १४७९.९. काट्यावर आले १४७९.७.

दोनशे ग्रॅमचा फरक. डावीकडे काहीच नाही.

शीटमध्ये तो कॉलम अजून आहे. ड्रायव्हरच्या ओळीत ब्याऐंशीही आहे. दोन्ही मला पुसता आले नाहीत.

जिजू, पॅड बदललेलं नाही. त्याची गरज नव्हती.

तुम्हाला नमस्कार.