वेबकॅमचा ड्रायव्हर आणि कराडची मंडळी

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत असताना आमच्या साडूंच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

गोष्ट जयपूरची, घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येत होतं तेव्हाची. बँकेनं माझी बदली सोडाल्याच्या शाखेत केली होती आणि आम्ही वैशाली नगरमध्ये भाड्यानं राहत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको सुनंदा आणि मुलगी शलाका. मूळचे आम्ही मिरजेचे. पण माझ्या बदल्यांपायी शलाकाची शाळा झाली भोपाळला आणि कॉलेज जयपूरला. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे, "बाबा, मतलब तुम्ही ना, आधी नाश्ता करून घ्या, नंतर बात करू." आम्हाला त्याची सवय होती. इतरांना नव्हती. लग्नाचं बघायला लागलो तेव्हा दोन ठिकाणांहून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण बोलते हिंदी." पहिल्या वेळी शलाका हसली. दुसऱ्या वेळी नाही हसली. त्यानंतर कुणा पाहुण्यांचा फोन आला की ती 'हो', 'नाही' आणि 'बरं' एवढ्या तीन शब्दांवर भागवायची.

आणि अशा नाजूक वेळी तिच्या बापाला काय सुचावं? लिनक्स.

आमच्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माथुरजी होते. भला माणूस. त्यांनी मला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टमची, एक सीडी दिली आणि म्हणाले, "सर, विंडोज को छेड़ना ही नहीं है. डिस्क के दो हिस्से करो. एक में वो रहेगा, एक में ये." मला ती कल्पनाच आवडली. दोन भावांनी भांडण न करता घराची वाटणी करावी तशी. रविवारी सकाळी बसलो आणि दुपारपर्यंत वाटणी करून मोकळा झालो. कॉम्प्युटर सुरू केला की तोच नम्रपणे विचारायचा, आज कुणाकडे जायचं? मला साहेब झाल्यासारखं वाटायचं.

मग सुरू झालं ड्रायव्हरचं प्रकरण. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. कॉम्प्युटरला जोडलेली यंत्रं एक भाषा बोलतात, सिस्टम दुसरी बोलते, आणि मध्ये हा बसून एकाचं दुसऱ्याला समजावतो. विंडोजच्या बिऱ्हाडात सगळे दुभाषे हजर होते. लिनक्सच्या बिऱ्हाडात बोलवावे लागणार होते. पहिल्या दिवशी पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी मोठी दिसत होती. ती आटोक्यात आणायला चार संध्याकाळी गेल्या. मग आवाज. स्पीकर मुके. त्यात आठवडा गेला. पण आवाज फुटला तेव्हा मी सुनंदाला स्वयंपाकघरातून ओढत आणून ऐकवला. ती म्हणाली, "हा तर पूर्वीही यायचा."

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं?

राहिला वेबकॅम. लिंबाएवढा गोल, चिमटा असलेला. लिनक्समध्ये तो चालू झाला, चित्रही स्वच्छ आलं, पण उलटं. म्हणजे मी पडद्यावर छताला बसलेला. विंडोजमध्ये हाच कॅमेरा महिनोन्‌महिने सरळ दाखवत होता. तेव्हा दोष कुणाचा? दुभाष्याचा. दुसरं काय असणार?

शलाका म्हणाली, "बाबा, एक बार विंडोजमध्ये लावून बघा ना."

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

तीन आठवडे मी त्या ड्रायव्हरच्या मागे होतो. तीन वेळा काढला, तीन वेळा घातला. बँकेत लोक कर्जाचे अर्ज घेऊन समोर बसलेले असायचे आणि मी मनातल्या मनात आज्ञा टाइप करत असायचो. शेवटी इंटरनेटवर शोधून शोधून एक ओळ मिळाली. ती एका फाइलमध्ये लिहायची, की ड्रायव्हर चित्र उलटं करून दाखवतो. उलट्याचं उलटं, म्हणजे सरळ. ओळ लिहिली, कॅमेरा लावला, आणि मी पडद्यावर खुर्चीत बसलो होतो. डोकं वर, पोट खाली. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

आणि त्याच आठवड्यात कराडहून पाटणकरांचा फोन आला. त्यांचा मुलगा महेश गुरांचा डॉक्टर. पत्रिका जुळली होती, फोटो आवडले होते. एवढ्या लांब येण्याआधी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. महेशच्या भावाकडे सगळी सोय होती. रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली.

शलाका आदल्या दिवसापासून गप्प. सुनंदानं विचारलं तर म्हणाली, "मी कमी बोलेन. कमी बोललं तर कमी चुका होतील." मी म्हणालो, "तू काळजी करू नको, तांत्रिक बाजू माझ्याकडे." यात धीर देण्यासारखं काय होतं, ते आता मलाही कळत नाही.

रविवारी सकाळी शेवटची चाचणी घेतली. सगळं उत्तम. मग आंघोळीला गेलो. आलो तोवर अकरा वाजत आले होते. शलाका समोर बसली, मी तिच्या शेजारी. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं चित्र दिसतं ना, ते तिनं मला बंद करायला लावलं. स्वतःला बघितलं की तिला बोलणं सुचत नव्हतं. मी ते बंद केलं आणि कराडला जोडून दिलं.

समोर पाटणकर, त्यांच्या पत्नी, महेश आणि मध्ये खुर्चीवर आजी. चित्र झकास, आवाज झकास. माझी छाती फुगली.

"आम्ही दिसतोय ना तुम्हाला?" मी विचारलं.

तिकडे सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग पाटणकर वहिनी म्हणाल्या, "दिसताय. दिसताय की." लग्नात कुणी विचित्र आहेर दिला की आपण ज्या सुरात 'छान आहे' म्हणतो, त्या सुरात.

मग पाटणकरांनी मान डावीकडे कलती केली. वहिनींनी उजवीकडे. आजी तर खुर्चीत एवढ्या वाकल्या की महेशनं त्यांचा दंड धरला. मी म्हटलं, मंडळी चोखंदळ दिसतात, सगळ्या बाजूंनी बघतायत. शलाकाला हळूच सांगितलं, "सरळ बस."

पाटणकर घसा साफ करत म्हणाले, "नाही म्हणजे, आम्हाला जरा सगळं उलटंच वाटतंय."

"वाटणारच," मी समजुतीनं म्हणालो. "आमच्या वेळी मुलाकडची माणसं घरी यायची, पोहे खायची. आता हे असं. पण होते सवय."

"सवय होते?"

"आठवड्याभरात."

वहिनींनी काळजीनं विचारलं, "पण मुलीला त्रास नाही ना होत? असं बसायचा?"

त्यांना वाटलं असेल, कॉम्प्युटरपुढे बसून डोळे दुखतात वगैरे. मी म्हणालो, "छे हो. लहानपणापासून बसते. तासन्‌तास."

"लहानपणापासून?" आजी म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले. आम्हाला नव्हे, वर बघून.

शलाका माझ्याकडे बघायला लागली. ती माझ्याहून हुशार आहे, तिला काहीतरी चुकतंय हे कळलं होतं. पण बोलायचं तर चूक होईल, म्हणून ती ओठ मिटून बसलेली. तेवढ्यात सुनंदा चहाचा ट्रे घेऊन आली. तीन कप, काठोकाठ भरलेले.

कराडला एकदम गोंधळ. आजी दोन्ही हात पुढे करून अर्ध्या उठल्या. "अगं सांडलं, सांडलं, धरा कुणीतरी."

मी सुनंदाच्या हातातला ट्रे बघितला. थेंबही सांडला नव्हता.

मग महेश पुढे सरकून शांतपणे म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्ही सगळे इकडे उलटे दिसताय. मघापासून. डोकी खाली आहेत. आता काकू छताला चिकटून चहा घेऊन आल्या."

मी कोपऱ्यातलं चित्र उघडलं. खरंच. तीन डोकी आंब्यांसारखी लोंबत होती, आणि त्यातलं मधलं माझ्या मुलीचं होतं, लग्नासाठी दाखवायला बसवलेलं.

"ड्रायव्हर," मी म्हणालो. "दोन मिनिटं द्या. ड्रायव्हर बिघडलाय."

"ड्रायव्हर आत्ता कशाला हवाय त्यांना?" आजींनी महेशला विचारलं. "कुठं निघालेत?"

मी पडद्यावर आज्ञांची काळी खिडकी उघडली आणि टाइप करायला लागलो. घाईत प्रत्येक ओळ चुकत होती. मागून सुनंदा म्हणाली, "अहो, मघाशी मी तो कॅमेरा नीट ठेवला, त्यानं तर नाही ना झालं?"

"तुला त्यातलं काय कळतं?" मी जोरात म्हणालो.

आवाज झकास होता, हे मी विसरलो होतो. कराडच्या चौघांनी ते ऐकलं. सुनंदानं ट्रे टेबलावर ठेवला आणि बाजूला झाली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

शलाकानंच विचारलं, "आई, नीट ठेवला मतलब?"

"तो फळीला लटकत होता ना," सुनंदा म्हणाली. "पाहुण्यांना कसं दिसेल म्हणून काढला आणि टेबलावर एका डब्यावर ठेवला."

आता पाहुण्यांना कॅमेरा कसा दिसणार, हे बाजूला ठेवा. लटकत होता, हे मात्र खरं. लिनक्स टाकलं त्याच रविवारी मी नवा चपटा मॉनिटर आणि वर फळी असलेलं टेबल मांडलं होतं. जुन्या मॉनिटरच्या रुंद डोक्यावर कॅमेरा आरामात बसायचा. चपट्यावर बसेना. म्हणून मी तो वरच्या फळीला, खालच्या बाजूनं, चिमट्यानं अडकवला होता. वटवाघळासारखा. लिंबासारखा गोल, त्यामुळे त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे मला कळलंच नाही. म्हणजे बिचारा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून खरं तेच दाखवत होता. तीन आठवडे खपून मी त्याला खोटं बोलायला शिकवलं, आणि आज सुनंदानं कॅमेरा सरळ ठेवल्याबरोबर ते खोटं उघडं पडलं.

हे सगळं मला कळायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आत शलाकानं डब्यावरचा कॅमेरा उचलला आणि हातातल्या हातात उलटा धरला.

"आजी," तिनं विचारलं, "आता दिसते का मी? मतलब, सरळ?"

"दिसतेस गं बाई," आजी म्हणाल्या. "सरळच आहेस की."

आणि शलाका हसायला लागली. कॅमेरा धरलेला हात हलत होता, त्यामुळे कराडला आमचं घर हलताना दिसत असणार. तिकडे महेशला हसू आवरेना, मग वहिनींना. हसता हसता तिचे ते तीन शब्द कुठल्या कुठे गेले. तिनं कॅमेरा फिरवून आजींना खिडकीतून कडुलिंबाचं झाड दाखवलं, आईला दाखवलं, काळ्या खिडकीपुढे बसलेला बाप दाखवला. "हे आमचे इंजिनिअर." मग महेशला विचारलं, "म्हशीला इंजेक्शन देताना तुम्ही, मतलब, डरत नाही?"

मी डोळे मिटून घेतले. झालं, आता येणार निरोप.

महेश म्हणाला, "डरतो की. पण म्हैस जास्त डरते."

वीस मिनिटं बोलत होते दोघं. शेवटी तिचा हात भरून आला तेव्हा सुनंदानं कॅमेरा घेतला आणि तिनं धरला. उलटा, एकदम नीट. मी पुढे झालो होतो, पण मला कुणी दिला नाही.

त्या संध्याकाळी मी सुनंदासाठी चहा केला आणि म्हणालो, "चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो."

"ते ठीक आहे," ती म्हणाली. "साखर घातली नाहीत."

चौथ्या दिवशी कराडहून फोन आला. वहिनी म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. बोलकी आहे हो अगदी." हिंदीचा कुणी उल्लेखही केला नाही. लग्न कराडला झालं. जेवणावळीत आजी दिसेल त्याला सांगत होत्या, या पोरीला मी पहिल्यांदा बघितलं ते खाली डोकं वर पाय. पाय त्यांनी बघितले नव्हते, पण मी कोण दुरुस्ती करणारा?

आता एक गोष्ट राहिली. ही मी घरात अजून कुणाला सांगितलेली नाही. ती फाइलमध्ये लिहायची ओळ मला मिळाली कुठे? इंटरनेटवर एक जागा होती, तिथे लिनक्सवाले एकमेकांच्या अडचणी सोडवायचे. मी कॅमेऱ्याचं रडगाणं लिहिलं, तर तासाभरात ब्राझीलच्या एका माणसानं उत्तर दिलं. पहिलंच वाक्य होतं, "साहेब, कॅमेरा उलटा तर लावलेला नाही ना?" मला असा राग आला की मी त्याला इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. पंचवीस वर्षं बँकेत अधिकारी आहे, असले पोरकट प्रश्न मला विचारू नयेत. बिचाऱ्यानं माफी मागितली आणि दोन दिवस खपून ती ओळ शोधून दिली.

साखरपुडा झाल्यावर मी ठरवलं, त्या माणसाला खरं सांगायचं. बसलो, पान उघडलं, त्याचा पहिला प्रश्न पुन्हा वाचला, आणि लिहिलं, "अडचण सुटली. चूक ड्रायव्हरचीच होती."

त्यानं माझ्या चिकाटीचं कौतुक केलं.