तळाचा पत्रा आणि शकुनवहिनीची चप्पल

गंज वरून दिसत नाही. गाडी वरून चकाचक असते आणि पायाखालच्या मॅटच्या खाली तो आपला गुपचूप जमत असतो. मग एक दिवस कोणी मॅट उचलतो आणि म्हणतो, "अरे बापरे, इतकं कधी झालं?" गॅरेजमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एकेक साठत जातो, कोणाचं लक्ष नसतं. आज मॅट उचलली म्हणून सांगतो.

मी पत्र्याचं काम करतो. गाडीचा सडलेला तळ कापायचा, नवा बसवायचा आणि तो पुन्हा सडू नये याची तजवीज करायची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात गोंदिया रोडला वामनभाऊचं गॅरेज आहे, तिथं. वामनभाऊ मालक. हात कमी चालतात, तोंड जास्त. दुलीचंद पेंटर. तो हिंदीत बोलतो, आणि मराठी त्याला चहाची वेळ झाली की बरोबर समजते. मला सगळे मामा म्हणतात.

लिहिणं मला येत नाही. मी सांगतो, नात लिहून घेते. मधेच म्हणते, "आबा, जल्दी बोला ना, पेन सुकून राह्यला!" पण मी पत्र्याला कधी घाई केली नाही, गोष्टीला काहून करू?

*

शामराव भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेला माणूस. त्याची जुनी व्हॅन. एकदा बायकोला, म्हणजे शकुनवहिनीला, घेऊन गोंदियाला निघाला. वहिनीची बहीण तिथं असते.

राजेगाव जवळ आलं. शामराव खाणीतल्या जुन्या गोष्टी सांगण्यात रंगलेला. रस्त्यात एक खड्डा आला, वहिनीने पाय दाबून धरला आणि खालचा पत्राच गेला! पाय वर राहिला, चप्पल खाली रस्त्यावर.

"अवो, थांबवा! माही चप्पल गेली!"

शामराव काही बाजूला वळून पाहीना. म्हणाला, "दरवाजे तं बंद हायेत. चप्पल जाईन कुठं?"

मागून मोटरसायकलवर एक पोलीस येत होता. त्याने चप्पल उचलली, व्हॅनच्या पुढं येऊन गाडी थांबवली आणि खिडकीतून चप्पल आत देत म्हणाला, "अम्मा, आपकी गाड़ी का पार्ट गिर गया था!"

त्या दिवशी वहिनी तिथंच उतरली. "आता या गाडीत माहा पाय पडनार नाई," म्हणाली, आणि बसने पुढं गेली.

तेव्हापासून रिवाजच पडला. वहिनी बसने गोंदियाला जायची आणि शामराव व्हॅन घेऊन बसच्या मागं. बाई बसमध्ये, बाईची पिशवी व्हॅनमध्ये! शामराव आमच्याकडे आला तेव्हा त्याचं एकच म्हणणं होतं. "मामा, काही बी करा, पन तिनं पुन्हा माह्या बाजूले बसलं पाह्यजे."

*

नवा पत्रा शामराव स्वतः घेऊन आला. गोधडीत गुंडाळून. उघडून दाखवला तर काळाभोर.

"मामा, हा तं रंगवूनच आला. आता फक्त चिकटवा."

मी म्हटलं, "शामराव, हा काळा रंग दुकानातून इथवर येण्यापुरता आहे. वेल्डिंग केली की जोडाजवळ तो जळून जाईल, आणि गंज नेमका जोडातच घुसतो."

मग मी आधी जोडाच्या जागी जस्ताचा प्रायमर मारला. वेल्डिंग केली. जोडांवर सीलर भरला. मग वरून रंग, खालून काळा जाड कोट. प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग दुसरा. माझी ही रीत आहे. वामनभाऊ सगळ्या गिऱ्हाइकांना "उद्या" सांगतो, आणि तो उद्या मी ठरवतो.

शामरावला दम निघेना. रोज यायचा, "वाळला का?" म्हणायचा आणि बोट लावून पाहायचा. प्रत्येक थरावर त्याच्या अंगठ्याचा ठसा! मी घासायचो, दुलीचंद पुन्हा मारायचा, शामराव पुन्हा बोट लावायचा.

शेवटी दुलीचंद म्हणाला, "शामराव भैया, इतना अंगूठा तो आपने बैंक में भी नहीं लगाया होगा!"

*

या दुलीचंदचाही एक किस्सा आहे. त्याच्या आधीच्या पावसाळ्यातला.

गाडीच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, आत आलेलं पाणी निघून जायला. दुलीचंदने मलाजखंडच्या एका ठेकेदाराच्या जीपला काळा कोट इतका प्रेमाने मारला, की सगळी भोकं बुजली. ठेकेदार खूश. जाताना नदीवरून जिवंत मासे घेतले, पाण्याने भरलेल्या टपात ठेवले आणि घाटात टप लवंडला.

घरी जाऊन मागचं दार उघडलं, तर जीपमध्ये तळं! मासे सीटखालून फिरून राहिले!

त्याने तिथूनच वामनभाऊला फोन केला. काय काय बोलला ते नातीला लिहायला सांगत नाही. वामनभाऊने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आतलं पानी बाहेर गेलं नाई, म्हंजे बाहेरचं आत येनार नाई! काम एक नंबर झालं ना!"

*

त्यानंतर मी एक युक्ती काढली. गॅरेजच्या मागं कडूनिंबाचं झाड आहे. कोट मारायच्या आधी प्रत्येक भोकात कडूनिंबाची एकेक काडी खुपसायची. कोट वाळला की काडी ओढायची. भोक मोकळं.

एका गाडीत एक काडी चुकून राहिली. त्या गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याची गाडीही आमच्याकडेच झालेली. त्याने ती काडी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी तावातावाने आला.

"मामा, माह्या गाडीतली काडी काहून काढली? शेजाऱ्याच्या गाडीत तं हाये!"

मी समजावलं, "ती काडी पाणी अडवते, म्हणून काढतो."

"मंग गंज कोन अडवनार? कडूनिंबानं गंज लागत नाई, साऱ्या गावाले ठाऊक हाये!"

वामनभाऊ हसत म्हणाला, "द्या मामा, एक काडी द्या. समोर काचेजवळ ठेवू द्या. तिथं भोकच नाई, नुकसान कायचं होनार?"

झालं! आता जो येतो तो काडी मागतो. शामरावने तर आधीच मागून घेतली. झाडाच्या खालच्या फांद्या उघड्या पडल्या. दुलीचंद रोज सकाळी त्याच झाडाची काडी चावून दातून करायचा. एक दिवस झाडाखाली उभा राहून वर पाहत म्हणाला, "मामा, गाड़ियाँ तो सारी बच जाएँगी, पर मेरे दाँत सड़ जाएँगे!"

*

सगळेच आमचं ऐकतात असं नाही. लांजीकडच्या एकाने नवा पत्रा आमच्याकडून बसवला, पण खालचा कोट घरी मारीन म्हणाला. कोट कशाचा? मोहाच्या बियांच्या तेलाचा! "आमच्या घरी बैलगाडीच्या चाकाले हेच लावत होते," म्हणाला.

सकाळी उठून पाहतो तर मोहल्ल्यातले सगळे कुत्रे गाडीखाली, चाटून चाटून पत्रा साफ! कुत्रे हटेनात. शेवटी गाडी सुरू करून तो हळूहळू आमच्या गॅरेजपर्यंत आला, तर कुत्रेही मागं मागं आले.

वामनभाऊने खाली वाकून पाहिलं. "मामा, तुमाले घासायचं कामच नाई राह्यलं. सीधा प्रायमर मारा!"

*

शामरावची व्हॅन तयार झाली. त्याने वहिनीला बोलावून आणलं. वहिनी आली, पण चढली नाही. दाराशी उभी राहून तिने आत पाहिलं.

"वजन घेईन का?"

"हौ तं!" शामराव म्हणाला.

"मंग उडी मारा."

"आँ?"

"आत जा अन् उडी मारा. मी पायतो."

बायकोचा शब्द. शामराव आत चढला आणि वाकूनच त्याने उडी मारली. वहिनी म्हणाली, "असी नाई, जोरानं!" शामराव पेटला. दोन्ही पाय जुळवून अशी उडी घेतली, की डोकं छताला ठण्णकन् लागलं. आम्ही धावलो. खालचा पत्रा जागचा हलला नव्हता. पण छताला बाहेरून पोचा... नाही, टेंगूळ म्हणा! आतून आलेलं!

वहिनीने आधी नवऱ्याच्या डोक्याला हळद लावायला सांगितली. मग छताकडे पाहून मला म्हणाली, "मामा, खालचं पक्कं झालं. आता वरचं बदला!"

आणि गेली बस पकडायला.

*

शामराव हरला नाही. "पावसाळा निघू दे," म्हणाला. "पावसाळ्यानंतर मॅट उचलून दाखवतो. गंजाचा एक ठिपका तरी दिसते का पाहून घ्या!"

मी त्याला सांगितलं होतं, मॅट ओली राहू देऊ नको, पाऊस थांबला की दारं उघडी ठेव. त्याने त्याच्या पुढची गोष्ट केली. पाऊस सुरू झाल्याबरोबर व्हॅनवर ताडपत्री टाकली आणि वापरणंच बंद केलं! गॅरेजमध्ये यायचा तर सायकलवर, भिजत. वामनभाऊने विचारलं, "अरे, घरी गाडी असून तू भिजून राह्यला?"

शामराव नाक पुसत म्हणाला, "मी कुठं गंजनार हाओ!"

पावसाळा संपला. शामराव आम्हा तिघांना साक्षीला घेऊन घरी गेला. ताडपत्री काढली, मॅट उचलली. पत्रा जसा दिला होता तसा. मी जोडांवरून बोट फिरवून पाहिलं. कुठं फोड नाही, कुठं भेग नाही. वहिनी पदर खोचून बराच वेळ वाकून पाहत होती.

"हौ," म्हणाली, "दिसते तं चांगलं."

शामरावचा चेहरा फुलला.

"पन दिसत तं जुनं बी चांगलंच होतं!" वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

*

आता शेवटचा. या वेळी मी स्वतः व्हॅनमध्ये बसलेला होतो.

मला गोंदियाहून एक पत्रा आणायचा होता. शामराव म्हणाला, "चला मामा, मी तिकडंच जाऊन राह्यलो." म्हणजे वहिनी बहिणीकडे चालली होती. ती बसमध्ये, आम्ही बसच्या मागं. समोरच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर वहिनीची पिशवी. शामरावची नजर बसवर. एकदाच म्हणाला, "मामा, आता तं मले या बसच्या मांगच्या जाहिरातीबी पाठ झाल्या."

राजेगावला बस थांबली. आम्ही मागं थांबलो. बराच वेळ झाला तरी बस हलेना, आणि आतून वहिनीचा आवाज! पाहतो तर वहिनी बसच्या पायरीवर उभी, एक चप्पल पायात, एक हातात, आणि कंडक्टरला झापून राहिली.

"पायाखालून रोड दिसून राह्यला, रोड! तुमी पत्रा पायता का नाई?"

"अम्मा, बैठ जाओ. सालों से ऐसा ही है, कुछ नहीं होता."

"याच्यात कडूनिंबाची काडी काहून नाई लावली?"

"काड़ी? काहे की काड़ी, अम्मा?"

वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा आत सरकला. मग ती खाली उतरली. दुसरी चप्पलही काढून हातात घेतली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. शामरावने दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ठेवलं. तो तिच्याकडे पाहीना. पाहिलं तर परत जाईल, अशी भीती वाटत असावी.

"उठा मामा, मांगं बसा."

मी पिशवी घेऊन मागं गेलो. वहिनीने मॅटचं टोक उचललं, खाली पाहिलं, टोक परत ठेवलं. एक पाय आत टाकला. दाबून पाहिला. मग दुसरा. मग बसली. दार ओढून घेतलं.

"चला."

बस सुटली. शामरावने गाडी काढली ती अशी, की मागं मी पिशवीसकट आडवा झालो. हॉर्न काय, लाइट काय, गडी बसच्या पुढं निघायला पाहत होता! वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"अवो, पुढं कायले काढता? मांगंच राहू द्या. कोनाची चप्पल पडली तं उचलून द्या लागन."