परत आलेल्या तीन मुलींची नावं

या, इकडं या, असे जवळ बसा. लांबून बोलायची मला सवय नाही. आणि बसलात की आधी थोडं रागावणार आहे, ऐकून घ्या. शकूअक्का गेल्या तेव्हा तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवलीत, माझा मोबाइल भरून गेला. पण नेमकं कोण गेलं, हे किती जणांनी विचारलं? फोटोत अक्कांच्या शेजारी मी होते, तर एकानं मलाच श्रद्धांजली वाहून टाकली. ती मी पुसलेली नाही, ठेवली आहे. अक्कांना दाखवली असती तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता, आणि मग म्हणाल्या असत्या, “बघ सुमन, माणसं चौकशीच करत न्हाईत.”

अक्का म्हणजे माझ्या मालकांच्या थोरल्या बहीण. लातूरला राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिक्षिका होत्या, बदल्या होत होत निलंगा, उदगीर, देगलूर सगळं पायाखाली घातलेलं. गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, दिनेशचा आला. सकाळची वेळ, मी नांदेडला घरी तांदूळ निवडत होते. “मामी, आई गेली,” एवढंच बोलला. आणि मी काय म्हणावं? “कोण बोलतंय?” म्हटलं. हल्ली आवाज काढून फोन करतात, लोकांना फसवतात, हे अक्कांनीच माझ्या डोक्यात भरवलेलं. “कोणत्या दवाखान्यात? डॉक्टरला फोन दे,” असं मी त्या रडणाऱ्या पोराला विचारत बसले. तो हुंदका देता देता म्हणाला, “मामी, तुम्ही बी आता आईसारखंच करून राहिल्या का?” तेव्हा मला खरं वाटलं... तांदूळ तसेच राहिले.

आमच्याकडं मुलगी द्यायची म्हटलं की चौकशीला माणसं जातात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या घराण्यातल्या चौकशीला अक्का जायच्या. पुरुष मंडळी जाऊन चहा पिऊन येतात आणि “माणसं चांगली हायेत” म्हणतात. अक्का तसं करत नसत. त्या बाजाराच्या दिवशी न सांगता जायच्या, पाहुण्यांच्या घराकडं फिरकायच्याच नाहीत. किराणा दुकानात बसायच्या, शेजारच्या घरी पाणी मागायच्या. आणि त्यांचा एक नियम होता. त्या घरातून माहेरी परत आलेली एखादी सून असेल तर तिला गाठायचं. “नांदतीये ती खरं सांगत न्हाई, तिला नांदायचं असतं,” असं त्या म्हणायच्या. “परत आली तिला विचारावं.” या नियमामुळं आमच्या घरातली दोन ठरत आलेली लग्नं मोडली. त्या दोन्ही मुली आज चांगल्या घरी आहेत, आणि दोघींच्या आया कितीतरी वर्षं अक्कांशी बोलत नव्हत्या.

माझी मीनल इंग्रजीची एम. ए., बी. एड. इथल्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. कायम करायला संस्था काय मागतात ते नांदेड-लातूरच्या वाचकांना मी सांगायला नको. वय वाढत होतं, दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, तेच तास. एक दिवस ती म्हणाली, “आई, व्हिएतनामला इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत. आपल्याकडच्या मुली जातात.” मी नकाशा काढून बघितला. माझं शिक्षण सातवी. बाकी जे आलं ते मुलांच्या पुस्तकांवरून आणि पेपर वाचून. पण नकाशा मला वाचता येतो. म्हटलं, दुबईपेक्षा लांब दिसतंय.

मग तो मुलगा आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला अजून आईबाप आहेत. परदेशात पाठवायचं त्याचं ऑफिस होतं, मूळचा अर्धापूरचा. येताना केळीचा घड घेऊन आला, पाया पडला, मावशी म्हणाला. मी विचारलं, सासुरवाडी कुठली? तर म्हणाला उमरी. उमरी माझं माहेर. अजून दोन प्रश्न विचारले तर त्याची सासू माझ्या चुलतभावाच्या बायकोची मावसबहीण निघाली. झालं. नातं लागलं आणि माझी चौकशी तिथंच संपली. ज्या माणसाच्या हातात पोरगी द्यायची त्याला मी एवढंच विचारलं की तू कुणाचा कोण. काम काय करतोस, कसं करतोस, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तो सांगत होता, मीनलनं आधी फिरायला जाणाऱ्या लोकांच्या व्हिसावर जायचं, तिथं पोचल्यावर महिनाभरात नोकरीचा व्हिसा होतो. शिक्के मारून घ्यायला पदवीची, बी. एड.ची मूळ कागदपत्रं त्याच्याकडं द्यायची. जायला तीन आठवडे राहिले होते. मीनलनं बॅगसुद्धा आणली होती, जांभळ्या रंगाची.

अक्का निरोप न देता लातूरहून आल्या. योगायोगानं तो मुलगा त्या दिवशी घरीच होता. अक्कांनी त्याला समोर बसवलं.

“बाळा, तुझ्या हातानं किती पोरी गेल्या?”

“चाळीस तरी असतील, आत्या.”

“मग परत आलेल्या तिघींची नावं दे.”

“परत कामून येतील? सगळ्या खुशाल हायेत. थांबा, व्हिडिओ दाखवतो.”

“व्हिडिओ लग्नाचे बी चांगलेच असतात. नावं दे.”

तो हसला. अक्का हसल्या नाहीत. “आणि फिरायला गेलेल्या बाईला पगार कोण देतं रे? ती तर फिरायला गेलेली.”

“आत्या, सगळे असेच जातात.”

“हाव, सगळे जातात. म्हणून तर तिघींची नावं मागून राहिले.”

तो उठून गेला. मूळ कागद उद्या घेऊन जातो म्हणाला. आणि मग मी... आता लिहिताना हात थांबतो, पण लिहायला पाहिजे. मला अक्कांचा संशय आला. दिनेश दोन वर्षं परीक्षा देऊन घरी बसलेला, त्याचं कुठं जमत नव्हतं. मी म्हटलं, “अक्का, तुमच्या घरातलं कुणी कुठं गेलं न्हाई, म्हणून माझ्या लेकीचे पाय ओढता का?” स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं, मीनलच्या देखत. अक्कांनी ताट सरकवलं, हात धुतला. पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीनं गेल्या.

संध्याकाळी बघतो तर कागदांची फाइल नाही. सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी मी लातूरला फोन लावला.

“माझ्याकडं हाय फाइल,” अक्का म्हणाल्या. “चोरली म्हण. पोलिसात दे.”

“पोरीचं वाटोळं करता का, अक्का?”

“त्यानं तीन नावं दिली की मी स्वतः आणून देते.”

मीनल दुसऱ्या दिवशी लातूरला गेली. अक्कांनी तिला भाजी-भाकरी खाऊ घातली, डोक्याला तेल लावलं, फाइल दिली नाही. त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, टेन्शन नका घेऊ, आपण तशीच दुसरी बनवून घेऊ.” आता वाटतं, तेव्हाच माझे डोळे उघडायला पाहिजे होते. मला वाटलं, बघा, परका असून किती धावून येतो, आणि आपली माणसं... पण मीनलचा चेहरा उतरला. पदवी तिनं अभ्यास करून घेतलेली, ती बनवून कशी घेणार? तिनं जायची तारीख पुढं ढकलली. माझं आणि अक्कांचं बोलणं बंद झालं ते सव्वा महिना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या सव्वा महिन्यात अक्का काय करत होत्या ते मला नंतर कळलं. परदेशाच्या व्हिसाला लागणारा फोटो वेगळ्या मापाचा असतो, मागं पांढरा पडदा असतो, कान दिसावे लागतात. हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. त्या लातूरच्या, निलंग्याच्या, उदगीरच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसल्या. साठी कधीच ओलांडलेली, गुडघे दुखणारे. फोटोवाल्यांना विचारत होत्या, असा फोटो कोणत्या पोरींनी काढला, आणि त्यांतली कोण परत दिसली? उदगीरच्या फोटोवाल्यानं सांगितलं, नसरीन म्हणून एक मुलगी आहे. नसरीनची आई अक्कांच्या शाळेतली निघाली, तिसरीत त्यांच्या हाताखाली होती.

एका दुपारी माझ्या दारात मायलेकी उभ्या. अक्का बरोबर नव्हत्या. त्यांनी फक्त पत्ता दिला होता. नसरीन चोवीस-पंचवीसची, शांत. चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला, तो हातातच गार झाला. त्याच मुलाच्या हातानं ती गेली होती. शिकवत होती, पोरं तिला आवडायची. “इस्कूल सच्ची थी, मौसी,” ती म्हणाली. “कागजां झूटे थे.” नोकरीचा व्हिसा कधी झालाच नाही. काही आठवड्यांनी एकदा गाडीत घालून सीमेपलीकडं न्यायचे, फिरायच्या व्हिसाचा नवा शिक्का मारून परत आणायचे. पासपोर्ट तिच्या हातात द्यायचे नाहीत. एक दिवस शाळेत तपासणी आली तेव्हा तिला बाथरूममध्ये बसवून बाहेरून कडी लावली. दीड तास. वर्गातली पोरं बाहेर तिचं नाव घेऊन विचारत होती, टीचर कुठं आहेत म्हणून, आणि तिला ओ देता येत नव्हती. पकडलं ते पुढच्या तपासणीला. परत पाठवताना वर शिक्का मारला, की आता या देशात यायचं नाही.

मीनल समोर बसली होती. उठून आत गेली, आणि त्या मुलाचा नंबर काढून टाकला.

मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेले. काय बोलायचं ते गाडीत पाठ करत होते. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, “अक्का, मी लई वाईट बोलले. तसं काही नव्हतं तुमच्या मनात.” त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, “होतं की.” मी शेजारी बसून शेंगा पुढ्यात ओढल्या. “दिनेश घरात बसलेला, आणि मीनल विमानात बसणार. पोटात दुखलंच माझ्या. खोटं कशाला बोलू? तू बोललीस ते मला बसमध्ये पटलं. म्हटलं, माझं पोट दुखतंय म्हणून मला तो खोटा दिसतोय, का खरंच खोटा हाय? हे कसं कळावं? म्हणून उदगीरला गेले.”

इतकी वर्षं मी त्यांना संशयी म्हणत आले. पण स्वतःवर संशय घेऊन, तो तपासायला दुखऱ्या गुडघ्यांनी एस.टी.त चढलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता असं समजू नका की अक्कांचं सगळंच बरोबर असायचं. मीनलनं मग स्वतःच इंग्रजी शिकवायचा चार महिन्यांचा कोर्स केला, पोलिसांचा दाखला काढला, पदवीवर मंत्रालयाचे, दिल्लीचे, त्या देशाच्या वकिलातीचे शिक्के घेतले, आणि शाळांना थेट अर्ज केले. एका चांगल्या शाळेचं पत्र आलं. अक्कांनी तेही धरून ठेवलं. तिथून सोडून गेलेल्या शिक्षिकेचा नंबर आणा म्हणाल्या. शाळा नंबर देईना. दहा दिवस गेले, जागा भरली, आणि नंतर कळलं की शाळा अगदी सरळ होती. मीनल आत्यावर चिडली, दिवाळीला गेली नाही. अक्कांनी तिला फोन केला, “चुकले गं. एक चांगलं स्थळ घालवलं तुझं.” त्यांना ‘चुकले’ म्हणताना मी तेवढं एकदाच ऐकलं. दुसऱ्या शाळेनं आधीच्या दोन शिक्षिकांचे नंबर मागण्याआधीच पाठवले. नोकरीचा व्हिसा पासपोर्टवर लागला, तो अक्कांनी चष्मा लावून, मग चष्मा काढून, उन्हात धरून बघितला. आणि मीनल गेली. आज ती तिथं शिकवते, पासपोर्ट तिच्याच कपाटात असतो. आत्या गेल्या तेव्हा तिला रजा मिळाली नाही.

तेराव्याला लातूरच्या घरी जेवणं उरकली होती, आणि दारात एक बाई आणि तिची मुलगी आली. औशाकडच्या. मीनलचं ऐकून कुणीतरी त्यांना सांगितलेलं, परदेशातल्या नोकरीचं पत्र इथल्या बाईंना दाखवा. फोटोला हार बघून त्या जागीच थांबल्या, माघारी वळायला लागल्या. मी म्हटलं, आत या, पत्र दाखवा. अक्कांच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर मी बसले. मुलीनं पत्र माझ्या हातात दिलं, पण तिच्या आईनं ते वरच्या वर काढून घेतलं. म्हणाली, “तुम्ही त्यांच्या कोण? तुम्हाला यातलं काय कळतंय? तुमच्यावर इस्वास कशावरून ठेवावा?” दिनेशला राग आला. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. बाई चौकशी करत होती. मी तिला म्हटलं, “विचारा बाई, सगळं विचारा. आधी बाहेर जाऊन गल्लीत विचारून या, मग बसू.” ती खरंच जाऊन विचारून आली. मग आम्ही तिघी पत्र घेऊन बसलो. इंग्रजी मला अडखळत येतं, मुलगी वाचत होती, मी थांबवत होते. व्हिसा कोणता, पासपोर्ट कुणाजवळ राहणार, सोडून आलेल्या कोण... उत्तर अजून आलेलं नाही. तोवर सही करायची नाही, असं ठरलं आहे.

आता दर महिन्याला चार दिवस मी लातूरला त्याच खोलीत असते, बाकी नांदेडला. तुमच्या घरात असं पत्र आलं असेल, पोरीची बॅग भरून झाली असेल, तरी या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, गल्लीत चार ठिकाणी विचारून घ्या. पण या लवकर. सही व्हायच्या आत या.